मदत हवी आहे: गाडीत राहणाऱ्यांसाठी सिटी कौन्सिलसमोर दोन मिनिटं बोलायचंय (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

येत्या मंगळवारी आमच्या सिटी कौन्सिलची बैठक आहे आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच तिथे बोलायला उभी राहणार आहे. मी साऊथ बेमध्ये, म्हणजे सॅन होजेच्या आसपासच्या भागात राहते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशीलही बदललेत. इथल्या सिटीच्या कारभाराची, युनियनची किंवा आरोग्य विम्याची माहिती असणारं कोणी असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

आमच्या ग्रंथालयात एक बाई काम करतात. माझी मुलगी त्यांना लायब्ररीवाल्या मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणते. आठवड्याला २४ तासांची नोकरी, पगार सिटीकडून. गेल्या वर्षी भाडं वाढलं, नवं भाडं झेपेना, तेव्हापासून त्या स्वतःच्या मिनीव्हॅनमध्ये राहतात. मला हे कळलं ते मुलीला पहाटे पोहायला सोडून येताना. आडरस्त्यावर त्यांची गाडी उभी होती. पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा, स्टिअरिंगवर वाळत घातलेला टॉवेल, आणि मावशी मागचं दार उघडून आइसबॉक्समधलं वितळलेलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतत होत्या. त्या बॉक्समध्ये इन्सुलिन असतं. बर्फ रोज विकत आणायचा, पण तो इन्सुलिनला थेट लागू द्यायचा नाही, कारण एकदा गोठलं की ते फुकट गेलं. म्हणून प्रत्येक पेन लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवलेलं.

माझी आई तेव्हा भारतातून आली होती. तिला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "मग बाई चूल कुठे मांडते?" दुसऱ्या दिवशी तिने थालीपिठांचा डबा भरून माझ्या हातात ठेवला. आई परत गेली, पण शनिवारचा डबा अजून चालू आहे.

आता मुद्द्यावर येते. मंगळवारच्या अजेंड्यावर दोन विषय आहेत. कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यात पुढच्या वर्षी सिटीने किती वाटा उचलायचा, हा पहिला. तो कन्सेंट कॅलेंडरवर आहे, म्हणजे बऱ्याच विषयांचा गठ्ठा करून चर्चेविना एका मतदानात मंजूर होणार. दुसरा विषय रात्री उशिरा येईल: वस्तीतल्या रस्त्यांवर रात्री आरव्ही (आत राहता येईल अशा मोठ्या गाड्या) उभ्या करायला आणि कुठल्याही गाडीत झोपायला बंदी घालणारा ऑर्डिनन्स, म्हणजे शहराचा कायदा.

दोन्ही विषयांवर सिटीच्या अधिकाऱ्यांनी कौन्सिलसाठी लिहिलेले स्टाफ रिपोर्ट मी वाचले. विम्याच्या रिपोर्टमध्ये कर्मचारी, त्यांची कुटुंबं, चांगली माणसं नोकरीत टिकवून ठेवणं असे शब्द आहेत. गाड्यांच्या रिपोर्टमध्ये तक्रारी, कचरा, सांडपाणी. हे दोन्ही निर्णय सिटीच्याच एका कर्मचारी बाईवर एकाच रात्री येऊन पडणार आहेत हे कौन्सिलला दिसतच नाहीये, आणि मला तेच सांगायचंय.

विम्याचं गणित असं की अफोर्डेबल केअर ॲक्ट या देशभराच्या आरोग्य विमा कायद्यानुसार मोठ्या मालकाने आठवड्याला ३० तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना विमा द्यायचा असतो. मावशींचे २४ तास. सिटीने वाटा कितीही वाढवला तरी त्यांच्या पदरात काही पडत नाही, आणि यात सिटीने कायदाही मोडलेला नाही.

शेजाऱ्यांच्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. शाळेच्या कोपऱ्यावर उंच आरव्ही उभी असली की वळणारी गाडी मुलांना दिसत नाही, हे मी रोज बघते. एकदा सांडपाणी पावसाच्या नाल्यात सोडलेलंही पाहिलंय. पण बंदी घातल्यावर मावशींनी रात्री जायचं कुठे, याबद्दल रिपोर्टमध्ये एक ओळ नाही.

थोडं वाचन केलंय. लॉस एंजेलिसचा गाडीत राहण्यावर बंदी घालणारा नियम नाइन्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने २०१४ मध्ये डेझर्टरेन खटल्यात रद्द केला, कारण नेमकं काय केलं की गुन्हा होतो हेच त्यातून कळत नव्हतं. दुसरीकडे २८ जून २०२४ ला ओरेगनमधल्या ग्रँट्स पास गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करायची मुभा शहरांना दिली, आणि त्या गावाच्या नियमात गाडीत झोपणंही धरलेलं होतं. जवळच्या माउंटन व्ह्यूमध्ये तर २०२० च्या नोव्हेंबरात मतदारांनीच 'मेझर सी' हा मतदानाला ठेवलेला प्रस्ताव मंजूर करून ४० फूट किंवा त्याहून अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्यांना बंदी घातली.

मला विचारायचंय ते हे: दोन मिनिटांत दोन्ही विषय कसे जोडू? कन्सेंटवरच्या विषयावर बोलता येतं का? बंदी करू नका एवढंच म्हणण्यापेक्षा नेमकं काय मागावं? आणि मावशींना त्रास न होता त्यांच्याबद्दल कसं बोलावं? त्यांनी मला बोलायला होकार दिलाय, पण नोकरीवर गदा येईल ही धास्ती आहेच.

*

प्रतिसाद १

ताई, मी इथल्याच एका दुसऱ्या सिटीच्या कमिशनवर होतो. कन्सेंटवरच्या विषयावरही बोलता येतं. कॅलिफोर्नियाच्या ब्राउन ॲक्टने (बैठका लोकांसाठी खुल्या ठेवायचा कायदा) तो हक्क दिलाय. पण ते बैठकीच्या सुरुवातीलाच होतं, त्यामुळे वेळेवर पोहोचा. त्याआधी एखाद्या कौन्सिल मेंबरला ईमेल करून विषय कन्सेंटवरून वेगळा काढायची विनंती करा. म्हणजे त्यावर चर्चा तरी होईल. अजेंडा किमान ७२ तास आधी लागतो, तुमच्या हातात वीकेंड आहे.

आणखी एक. ऑर्डिनन्स एका रात्रीत होत नाही. एकदा मांडतात, नंतरच्या बैठकीत पक्का करतात, आणि तातडीचा नसेल तर त्यानंतर ३० दिवसांनी लागू होतो. मंगळवारी हरलात तरी दुसऱ्या बैठकीला जा. तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात, आणि मोजकी माणसं बोलली की त्यांचं नीट ऐकलं जातं.

बैठकीला हजर राहण्यासाठी नाव नोंदवायची सक्ती करता येत नाही. मावशी मागे बसून ऐकू शकतात.

*

प्रतिसाद २

मागणी नेमकी ठेवा. सांता बार्बरामध्ये २००४ पासून सेफ पार्किंग चालू आहे. चर्च, संस्था, सरकारी कचेऱ्या यांचे पार्किंग लॉट रात्री ठरावीक गाड्यांना देतात, सकाळी रिकामे करून घेतात. तुमच्या सिटीकडेही रात्री ओस पडणारे लॉट असतीलच, ग्रंथालयाचाच बघा ना! "आधी जागा सुरू करा, मग बंदीवर मतदान घ्या" एवढंच म्हणा. शाळेच्या कोपऱ्यासाठी तेवढ्याच भागात उंच गाड्यांना मनाई मागा. म्हणजे तक्रार करणारे शेजारीही तुमच्या बाजूला येतील.

*

प्रतिसाद ३

विम्याबद्दल लिहिते, याच कामात आहे. सिटीचा वाटा बहुतेक वेळा युनियनशी झालेल्या करारात ठरतो, कौन्सिल त्यावर शिक्का मारते. १९६८ च्या मायर्स-मिलियास-ब्राउन कायद्याने सिटीला युनियनशी वाटाघाटी कराव्याच लागतात. त्यामुळे "अर्धवेळ लोकांना तासांच्या प्रमाणात वाटा द्या" ही मागणी कौन्सिलसमोर जरूर करा, पण युनियनच्या प्रतिनिधीलाही आजच फोन करा. मावशींची जागा करारात येते का, हे आधी विचारा.

तोवर मावशींनी काय करायचं? उत्पन्न मेडी-कॅलच्या (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी विमा) मर्यादेत असेल तर अर्ज वर्षभर कधीही करता येतो आणि घर नसलं तरी चालतं, पत्रं यायला एखादा पत्ता दिला की झालं. उत्पन्न जास्त असेल तर कव्हर्ड कॅलिफोर्निया, म्हणजे राज्याचा विमा बाजार. तिथे विम्याच्या ब्रॉन्झ, सिल्व्हर अशा पातळ्या असतात; ब्रॉन्झ स्वस्त दिसते म्हणून घेऊ नका. कमी उत्पन्नवाल्यांना डॉक्टर आणि औषधांच्या खर्चातली खास सवलत फक्त सिल्व्हरमध्ये मिळते. इन्सुलिनसाठी कॅलआरएक्सची (राज्याची स्वस्त औषधांची योजना) पेनं फार्मसीत विचारा, पाच पेनांचा बॉक्स ५५ डॉलरला ठरवलाय.

*

प्रतिसाद ४

मी पुण्याहून. आपल्याकडे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत नागरिकाला गॅलरीत बसून बघता येतं, उठून बोलता येत नाही. तुम्हाला ती दोन मिनिटं मिळतायत तर सगळे खटले त्यात कोंबू नका. मोज्यात गुंडाळलेलं इन्सुलिन सांगा.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी प्रतिसाद इंग्रजीत करून मावशींना वाचून दाखवले. युनियनच्या प्रतिनिधीशी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बोलायचं ठरलंय, मावशी स्वतः बोलणार आहेत. मीच बोलते म्हटलं, तर नको म्हणाल्या. सिल्व्हरचं त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं, त्या ब्रॉन्झचाच विचार करत होत्या. एका कौन्सिल मेंबरला ईमेलही केलीय.

भाषणाचा मसुदा झालाय. खटले सगळे काढले. मोजा ठेवू का म्हणून विचारलं, तर थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, मोजा ठेव, पण ग्रंथालय काढ, "सिटीची कर्मचारी" एवढंच म्हण. तसं केलं. मागण्या दोन: पार्किंग लॉट सुरू होईपर्यंत बंदीवर मतदान नको, आणि अर्धवेळ कर्मचाऱ्यांना तासांच्या प्रमाणात विम्याचा वाटा. विमा सुरुवातीला येतो आणि गाड्यांचा विषय रात्री उशिरा, म्हणून दोन्ही वेळा उभी राहणार आहे. पहिल्यांदा अर्धा मिनिट बोलून सांगेन की याच बाईबद्दल रात्री पुन्हा येणार आहे.

अजून एक अडचण आहे. दुसरं भाषण घड्याळ लावून वाचलं तर दोन मिनिटं चौदा सेकंद होतंय. शाळेच्या कोपऱ्याचा भाग काढला तर बरोबर बसतं, पण मग शेजाऱ्यांना वाटेल की त्यांचं मी ऐकलंच नाही. चौदा सेकंद दुसरीकडून कुठून काढू?