मदत हवी आहे: सिंहगडाकडे अँटेना फिरवला, तरी सह्याद्री लागत नाही

घाटाखालचा
तीन दिवस छपरावर चढतोय. वडिलांना सह्याद्रीच्या बातम्या लागतात. अँटेना सिंहगडाकडे केला, वायर नवी टाकली, तरी नुसत्या मुंग्या. आधी छान यायचं. कृपया लवकर सांगा.

रेडिओप्रेमी
गाव कुठलं? गड दिसतो का? आधी म्हणजे कधी?

घाटाखालचा
वेल्ह्याकडे, पाबे घाट उतरल्यावर. मधे डोंगर आहे. आजी होती तेव्हा यायचं, २०११ला. मग घर बंद होतं.

जुना प्रेक्षक
मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून ते पुण्यात दिसू लागलं. आमच्या वाड्यात एकच टीव्ही, अंगणभर माणसं! तो मनोरा बघितला की अजून भरून येतं.

रेडिओप्रेमी
काका, त्यांना आज बातम्या हव्यात. भाऊ, वायर ठीकच असेल. दूरदर्शनने जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले, देशात मोजकेच राहिले. आता छपरावर चढू नका.

पुणेकर
मोबाइलवर लावून द्या की.

घाटाखालचा
रेंजसाठी खिंडीपर्यंत जावं लागतं. वडिलांचे गुडघे गेलेत.

रेडिओप्रेमी
फ्री डिश घ्या. महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री दिसतं. तबकडी आग्नेयेला, जीसॅट-१५कडे. आपल्याकडून तो उपग्रह क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर आहे, म्हणून डोंगर आड येत नाही.

मध्यमलहरी
एवढा खर्च कशाला? साधा रेडिओ आणा. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर आहे. मध्यम लहरी डोंगराला वळसा घालतात, एफएमचं तसं नाही.

रेडिओप्रेमी
त्यांना चित्र हवंय हो.

मध्यमलहरी
वीज गेली की चित्र जातं. वेल्ह्यात पावसाळ्यात किती वेळा जाते ते त्यांनाच विचारा.

भटक्या
रविवारी गडावर गाडी वरपर्यंत सोडतात का?

घाटाखालचा
रेडिओही आणतो, वीज खरंच जाते. पण आग्नेयेला आजीने लावलेला आंबा आहे. वडील फांदीही तोडू देणार नाहीत.

रेडिओप्रेमी
तोडू नका! तबकडी छपरावरच हवी असं नाही. आंब्यापासून लांब अंगणात खांब पुरा, तिथून शेंड्याच्या वरचं आभाळ मोकळं दिसलं की झालं. झाड किती उंच आहे?