घ्यायची राहून गेलेली वस्तू : अनुभव धागा

जुन्या रंगभूमीशी किंवा चित्रपटांशी जोडलेली एखादी वस्तू समोर आली असताना ती घ्यायची राहून गेली, असे आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत घडले असेल. ते अनुभव येथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला बालगंधर्वांच्या गाण्याची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी दिसली. लाखेच्या त्या जड तबकडीच्या कडेचा नखाएवढा टवका उडालेला होता आणि मधल्या गोल कागदावर जांभळ्या शाईत, बारीक वळणदार अक्षरांत 'चि. ताईस लग्नाचा आहेर' असे लिहिलेले होते. विक्रेत्याने ६०० रुपये सांगितले. मी ४०० वर अडून बसलो आणि तो आपणहून हाक मारील या भरवशावर एक फेरी मारून आलो, तोवर ती विकली गेली होती. त्यावरचे पद आज घरबसल्या ऐकता येते, पण बहुधा कुणा भावाने लिहिलेली ती अक्षरे मला पुन्हा दिसणार नाहीत, आणि दोनशे रुपयांचा तो हट्ट अजून बोचतो.

मुंबईहून
चोरबाजारात मटन स्ट्रीटवर मला प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'ची गाण्यांची पुस्तिका मिळत होती. मुखपृष्ठ अर्धे फाटलेले पाहून मी ती परत ठेवली, कारण याहून चांगली प्रत कधीतरी मिळेल असे वाटले. अशा पुस्तिका हलक्या कागदावर छापलेल्या असत आणि गाणी पाठ झाली की रद्दीत जात, त्यामुळे फाटकी का होईना, हाती आलेली प्रत घ्यायलाच हवी होती.

कोल्हापूरहून
एका वाड्याची आवराआवर चालू असताना घरच्या काकांनी ट्रंकेच्या तळातून निघालेले एक हस्तपत्रक मला दाखवले. ते संयुक्त 'मानापमान'चे होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या त्या प्रयोगात बालगंधर्व भामिनी आणि आमचे केशवराव भोसले धैर्यधर झाले होते. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्या त्या रात्री एका रंगमंचावर आल्या, आणि पुढे तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. कागद तांबूस पडला होता, घडीवर विरला होता आणि हातात धरताना कडेचा चुरा बोटांना लागत होता. काका ५,००० रुपये म्हणाले. तो अस्सल आहे की नंतर छापलेला, अशी शंका आल्याने, जाणकाराला विचारून दोन दिवसांत येतो, असे सांगून मी निघालो. शंका घेणे चूक नव्हते असे मला आजही वाटते. पण थोडा विसार देऊन कागद थांबवून ठेवता आला असता, निदान छायाचित्र तरी घेता आले असते. मी परत गेलो तेव्हा ट्रंक रद्दीसकट उचलली गेली होती. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्यांच्या नावाचे आमचे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा त्या कागदाची आठवण होऊन मला झोप लागली नाही.

बडोद्याहून
शेजारच्या आजोबांकडे नाटक मंडळीच्या काळातला पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन होता. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, तो ठेवायचा कुठे, या एका प्रश्नापायी मी नाही म्हटले. त्यानंतर त्याच भिंतीला आम्ही कपाट लावले, आणि ते ऑर्गनपेक्षा रुंद आहे.

धागाकर्ता
कोल्हापूरहून लिहिणाऱ्यांना विचारतो : त्या हस्तपत्रकावर तिकिटांचे दर काय छापले होते, हे आपल्याला आठवते का?

कोल्हापूरहून
नाही. मी नावे आणि तारीख तेवढी वाचली. बाकीचे घरी आणल्यावर सावकाश वाचू, असे मनात होते.