चर्चा: गोल्डा मेयरची झोळी मोठी की मुत्सद्देगिरी?

पारावरचा

इस्रायलच्या स्थापनेच्या जाहीरनाम्यावर ३७ सह्या आहेत. त्यांत बायका दोनच, आणि एक सही गोल्डा मेयरची (पुढे इस्रायलच्या पंतप्रधान; तेव्हा आडनाव मेयरसन). माझं म्हणणं सरळ आहे. १९४८ मध्ये बाईंनी मोठं काम एकच केलं: पैसा आणला. मुत्सद्देगिरी म्हणून जिचं कौतुक होतं, ती फसली.

जानेवारी १९४८. पॅलेस्टाईनमध्ये अरबांशी युद्ध दारात आलेलं, ज्यूंकडे शस्त्रांना पैसा नाही. ज्यू एजन्सीचे (तिथल्या ज्यूंचा कारभार पाहणारी संस्था) खजिनदार एलिएझर काप्लान अमेरिकेहून परतले ते सांगत, की फार तर ७० लाख डॉलर मिळतील. ज्यूंचे नेते बेन-गुरियन (पुढे पहिले पंतप्रधान) स्वतः निघाले, तेव्हा गोल्डाबाई म्हणाल्या, "तुम्ही इथे करता ते मला जमणार नाही, तिथे करायचंय ते मला जमेल." मतदान झालं आणि बाई अंगावरच्या कपड्यांनिशी निघाल्या.

२१ जानेवारीला शिकागोत ज्यू कल्याण संस्थांची परिषद होती. समोर बसलेल्यांत बरेच जण झायोनिस्टही, म्हणजे ज्यूंच्या वेगळ्या राष्ट्राचे पुरस्कर्तेही, नव्हते. बाईंनी हातात कागद न घेता भाषण केलं. मागणी अडीच ते तीन कोटी डॉलरची, तीही दोन-तीन आठवड्यांत आणि रोख. वर सांगितलं, की आम्ही लढायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, आम्ही लढणारच. जिंकणार कोण, तेवढंच तुमच्या हातात आहे. आपल्याकडे वर्गणीला जाणारा "यथाशक्ती द्या हो" म्हणतो. इथे मागणारीने देणाऱ्यालाच पेचात धरलं. अडीच महिन्यांत ५ कोटी जमले. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

हिशेबनीस

पारावरचे साहेब, भाषण झकास होतं, मान्य. पण ५ कोटींचा आकडा आणि ते संवाद बाईंच्या आत्मचरित्रातून आलेत, हे विसरू नका. अमेरिकेत ज्यूंसाठी निधी जमवणाऱ्या युनायटेड ज्यूइश अपीलने १९४६ मध्येच १० कोटी डॉलरचं लक्ष्य ठेवून ते गाठलं होतं. यंत्र तयार होतं, ते चालवणारा हेन्री मॉन्टर होता. बाई त्या यंत्राचा आवाज झाल्या.

दुसरं, बंदुका डॉलर दाखवून दुकानातून मिळत नव्हत्या. अमेरिकेने डिसेंबर १९४७ मध्येच शस्त्रबंदी घातली होती. माल दिला चेकोस्लोव्हाकियाने, आणि पहिला करार १४ जानेवारीचा! शिकागोचं भाषण त्यानंतरचं. मग राष्ट्र कुणी उभं केलं?

पारावरचा

करारावर सही करायला पेन पुरतं, माल उचलायला पैसे लागतात. प्रागला डॉलर हवे होते, उधारी नव्हे. रायफली मार्चअखेर-एप्रिलमध्ये पोचल्या. मधल्या काळात बाई कुठे होत्या? अमेरिकेत गावोगाव पदर पसरत.

तिसरीघंटा

मुत्सद्देगिरी फसली हे मला पटत नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये नहारायीमला बाई शेजारच्या ट्रान्सजॉर्डनच्या राजे अब्दुल्लांना गुपचूप भेटल्या. मग १० मे १९४८ ला अरबी बाईचा काळा वेश करून, एझ्रा दानिनना सोबत घेऊन थेट त्यांच्या राजधानीत, अम्मानला. पकडल्या गेल्या असत्या तर? युद्ध टळलं नाही हे खरं. पण संयुक्त राष्ट्रांच्या फाळणीत ज्यूंच्या वाट्याला दिलेल्या भागात अरब लीजन, म्हणजे अब्दुल्लांचं सैन्य, सहसा घुसलं नाही. याला फसणं म्हणायचं?

पारावरचा

लीजन आपल्या हिशेबाने थांबलं. कफार एत्झियोन ही ज्यू वस्ती १३ मेला पडली, जेरुसलेमचा जुना भाग २८ मेला गेला. आणि अब्दुल्लांनी विचारलं, "एवढी घाई कशाला?" तर उत्तर काय, दोन हजार वर्षं थांबलो, याला घाई म्हणत नाहीत! टोमणा शिकागोच्या सभागृहात शोभला असता. मध्यरात्री जीव धोक्यात घालून गेलात तर समोरच्याला मान वाचवायला जागा तरी ठेवा.

ओसरी

सगळे झोळीत काय पडलं तेवढंच मोजताय. त्याच युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. एप्रिलमध्ये हैफा हे बंदराचं शहर ज्यूंच्या हाती पडल्यावर बाई तिथे गेल्या होत्या. टेबलावर अन्न तसंच टाकून गेलेल्या अरबांची घरं पाहून त्यांना युरोपातली ज्यूंची उजाड गावं आठवली, असं त्यांनी स्वतः बैठकीत सांगितलं. त्यांना दिसलं होतं. आणि नंतर, १९६९ मध्ये, त्याच बाई पॅलेस्टिनी असं काही नव्हतंच म्हणाल्या. शिकागोच्या डॉलरांतून आलेल्या शस्त्रांनी कुणाची घरं रिकामी झाली, हेही या धाग्यात यायला हवं.

हिशेबनीस

ओसरी, मुद्दा रास्त. फक्त युद्ध एकतर्फी नव्हतं, पाच अरब देशांची सैन्यं आली होती.

ओसरी

ती १५ मेला आली. हैफातली अरब वस्ती एप्रिलमध्येच बहुतेक रिकामी झाली.

अलिबागकर

आमच्या गावच्या शनवार तेल्यांची आठवण कुणीच काढली नाही, म्हणून लिहितो. कोकणातले हे ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, मराठी बोलत इस्रायलला गेले. १९५१-५२ मध्ये त्यांतल्या काहींनी भेदभावाला कंटाळून धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून, आणि काही कुटुंबं परतलीही. तेव्हा गोल्डाबाई कामगारमंत्री होत्या, नव्यांना घरं आणि काम द्यायचं खातं त्यांचंच. आणि १९५१ मध्ये अमेरिकेत इस्रायलचे सरकारी रोखे विकायची मोहीम सुरू झाली, त्यातही मॉन्टर आणि बाई होत्याच. बंदुकीसाठी मागणं सोपं असतं हो. इस्रायलच्या वाळवंटातल्या बीरशेबाच्या उन्हात माणूस वसवायला मागितलेला पैसा पुरला की नाही, ते अलिबागच्या म्हातारीला विचारायला हवं होतं.

तिसरीघंटा

मॉस्को राहिलंच. सप्टेंबर १९४८ मध्ये बाई तिथे राजदूत म्हणून गेल्या. ज्यूंच्या नववर्षाला सिनेगॉगबाहेर (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) त्यांच्याभोवती हजारोंचा लोंढा लोटला, तोही स्टालिनच्या राज्यात. १९८४ मध्ये १०,००० शेकेलच्या नोटेवर एका बाजूला बाईंचा चेहरा छापला आणि मागे याच गर्दीचं चित्र. शिकागोचं नाही!

पारावरचा

म्हणजे नोटेवरसुद्धा पैशाच्या कामाची कदर नाही. पुढच्याच वर्षी महागाईमुळे चलन बदललं आणि त्या १०,००० चे १० झाले, हेही लिहा की.