मदत हवी आहे: व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं सरकार खरंच वाचतं का?

जांभूळबन:
नमस्कार मंडळी. प्रश्न घरचाच आहे. माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, वाईला असतात. डी.एड.च्या मित्रांच्या ग्रुपवर त्यांनी कांद्याच्या भावावरून एक चारोळी टाकली, सरकारला चिमटा काढणारी. त्यावर कुणीतरी तो जुना फॉरवर्ड डकवला: मेसेजखाली तीन निळ्या टिका (बरोबरच्या खुणा) म्हणजे सरकारने नोंद घेतली, दोन निळ्या एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते, तिन्ही लाल म्हणजे कोर्टाचं समन्स निघालंच. झालं! मामांनी चारोळी पुसली, ग्रुप सोडला, आणि आता रात्री फोन रिकाम्या पिठाच्या डब्यात झाकण लावून ठेवतात. मामी किराणावाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवायच्या, तेही बंद. वर मला विचारतात, "पेन्शन अडकवतील का गं?"

लाल टिका ही थाप आहे हे मला ठाऊक आहे. पण "असलं काही नसतंच हो मामा" म्हटलं की ते फोनमध्ये शिरणाऱ्या पेगॅसस या हेरगिरी सॉफ्टवेअरच्या बातमीचं कात्रण पुढे करतात आणि माझी बोलती बंद होते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, यातलं मला फार कळत नाही. सरकारला काय करता येतं, काय नाही, आणि मामांसारख्या माणसाच्या वाट्याला त्यातलं काय येऊ शकतं, हे कुणी नीट सांगेल का? पक्षांची धुणी कृपया दुसऱ्या धाग्यावर धुवा.

खडूस_इंजिनियर:
जांभूळबनताई, मजकूर आणि नोंदी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, निम्मा गुंता सुटेल.

व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर २०१६ पासून पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या वाटेवर बसलेल्याला, मग ती जिओ-एअरटेल असो, सरकार असो की खुद्द कंपनी, नुसता गिचमिडा दिसतो. सरकारलाही हे खुपतंच. २०२१ च्या आयटी नियमांत 'मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते सांगा' अशी अट आली आणि व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. सगळं आधीच वाचता येत असतं तर ही अट घालायची गरजच पडली नसती.

नोंदींचं तसं नाही. कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला, कोणत्या टॉवरवरून केला, हे सगळं मोबाइल कंपनीकडे असतं. डिसेंबर २०२१ पासून या नोंदी किमान दोन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. व्हॉट्सअ‍ॅपकडेही कोण कोणाशी बोलतं याची माहिती असते, फक्त काय बोललं ती नसते. साधा फोन आणि एसएमएस यांना तर कुलूपच नाही. मामा घाबरून व्हॉट्सअ‍ॅप सोडून साध्या फोनवर बोलायला लागले असतील, तर आगीतून फुफाट्यात. टेलिग्रामचे ग्रुपही अशा कुलपाचे नसतात बरं का, तिथे फक्त 'सिक्रेट चॅट' तशी असते.

पेगॅसस हा तिसराच प्रकार. ते वाटेवर बसत नाही, फोनमध्येच शिरतं, म्हणजे कुलूप उघडल्यावर जे तुम्हाला दिसतं ते त्यालाही दिसतं. पण ते एकेक फोन निवडून सोडावं लागतं आणि भयंकर महाग असतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, ५ फोनमध्ये कसलंतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं सिद्ध झालं नाही. सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हेही न्यायालयात २०२२ मध्ये सांगितलं गेलं. त्यामुळे मामांचं कात्रण खोटं नाही. फक्त कांद्याच्या चारोळीसाठी कुणी एवढा खर्च करणार नाही.

घाटमाथा:
मी बायकोशी मिक्सरबद्दल बोललो आणि पाच मिनिटांत मिक्सरची जाहिरात. हे कोण ऐकतं मग?

खडूस_इंजिनियर:
@घाटमाथा, वहिनींनी त्याच वायफायवर मिक्सर शोधला असणार. वेगळा धागा काढा.

काळा_कोट:
कायद्याची बाजू सांगते. टॅपिंग १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली चालत आलं. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला: गृहसचिवांचा लेखी आदेश हवा, ठरावीक मुदत हवी, नंतर समितीने आढावा घ्यायला हवा. इंटरनेटसाठी आयटी कायद्याचं कलम ६९ आहे. डिसेंबर २०१८ मध्ये त्याखाली आयबी, सीबीआय, ईडी, एनआयए, रॉ अशा १० यंत्रणांची यादी निघाली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम आहेत, ढाचा मात्र तोच.

माझा आक्षेप इथेच आहे. आदेश देणारे सचिव आणि आढावा घेणारेही सचिवच. न्यायाधीश कुठेच नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने माहिती अधिकारात दिलेल्या एका उत्तरानुसार २०१३ च्या सुमारास फोनसाठी महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश निघत होते. प्रत्येक कागद तिथे कसा वाचून होत असेल, तुम्हीच विचार करा. आणि ज्याच्यावर पाळत होती त्याला ती संपल्यावरही कळवत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका लाचेच्या प्रकरणातले तीन आदेश रद्द केले, पण ते कळले केव्हा? खटला उभा राहिला तेव्हा.

पेन्शनचं म्हणाल, तर गंभीर गुन्ह्यात शिक्षा वगैरे झाली तर कात्री लागू शकते. चारोळीला नाही.

जर्सीची_सून:
इकडे अमेरिकेत गुप्तचर खात्याची पाळत स्नोडेन नावाच्या त्यांच्याच माणसाने २०१३ मध्ये बाहेर काढली, पण देशाबाहेरच्या परक्या माणसांवर पाळत ठेवणारं कलम ७०२ अजून आहेच. त्यात वेगळं वॉरंटही लागत नाही. माझी आई पुण्यात, म्हणजे ती 'परकी'. आम्ही लोणच्याबद्दल बोलतो, ऐका बापडे.

शिवाजी_मंडईवाला:
सगळे तंत्रज्ञानावर घसरलात. पालघर विसरलात का? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. कुठल्या गुप्तचर खात्याने पकडलं? गावातल्या माणसाने तक्रार केली. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ पुढे २०१५ मध्ये रद्द झालं, पण तक्रार करणारा माणूस काही रद्द झाला नाही. ग्रुपमधला एक स्क्रीनशॉट पुरतो. कुलूप कितीही भारी असू दे, तीस जणांकडे किल्ली आहे.

शिवाय उघड्या पोस्ट बघायला कुणाची परवानगीही लागत नाही. मुंबई पोलिसांची सोशल मीडिया लॅब २०१३ पासून आहे.

जांभूळबन:
सगळ्यांचे आभार. हे मामांना पटेल, कारण फॉरवर्ड टाकणारा गृहस्थ त्यांचा जुना वैरी आहे! एक राहिलं: ते ग्रुपचे अ‍ॅडमिन होते. दुसऱ्या कुणी काही टाकलं असेल तर?

काळा_कोट:
नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे: दुसऱ्याच्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा समान इरादा दिसायला हवा.

मला मात्र मामांची वेगळीच काळजी वाटते. इतकी धास्ती घेतलेला निवृत्त माणूस म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांना आयतं सावज. खाकी घालून व्हिडिओ कॉल करतील, "तुमचे मेसेज आमच्याकडे आहेत" म्हणतील आणि खातं रिकामं करतील. अशी अटक कायद्यात नाही. तसा कॉल आला तर कट करायचा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हे आजच सांगा त्यांना.

खडूस_इंजिनियर:
आणि गेलात की त्यांच्या फोनचा बॅकअप बघा. गूगल ड्राइव्हवर जाणारी प्रत आपोआप कुलूपबंद नसते. सेटिंग्जमध्ये चॅट्स, तिथे चॅट बॅकअप, त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप सुरू करा. पासवर्ड विसरला तर कंपनीसुद्धा काढून देऊ शकत नाही, तेव्हा तो मामींना लक्षात ठेवायला सांगा.