इन्सुला चमकला, म्हणून अर्थशास्त्राने दुकान बंद करायचं?

हिशेबनीस: 'पैशाचे निर्णय कसे होतात ते मेंदूच्या स्कॅनने उलगडलंय, अर्थशास्त्रज्ञांनी आता घरी बसावं' हा परवाचा लेख वाचून डोकं उठलं. सगळा डोलारा मेंदू-संशोधक सॅनफीच्या २००३ च्या प्रयोगावर. दहा डॉलर वाटायचे. समोरच्याने दोनच देऊ केले तर तुम्ही नाकारू शकता, पण मग दोघांनाही भोपळा. नाकारताना इन्सुला, म्हणजे किळसेशी जोडला जाणारा मेंदूचा भाग, स्कॅनमध्ये जास्त चमकला. बरं मग? माणसं असला देकार धुडकावतात हे अर्थशास्त्रज्ञ ग्यूट आणि मंडळींनी १९८२ मध्येच दाखवलं, स्कॅनरशिवाय. तोच फुटकळ देकार संगणकाने दिला तर लोक कमी वेळा नाकारतात. तेही वागण्यातूनच दिसतं. आणि माणसं किती? १९! इन्सुला दुखलं-खुपलं तरी चमकतो. चमकला की 'किळस आली' असा उलटा निष्कर्ष काढू नका, हे मेंदूशास्त्रज्ञ पोल्ड्रॅकने २००६ मध्येच बजावलंय. मेलेल्या सामन माशाचा मेंदूही स्कॅनरमध्ये चमकला होता, विसरलात?

न्यूरॉनपंत: आला मासा! दरवेळी येतो. आकडेमोडीतली ढिलाई दाखवायलाच तो निकाल मांडला होता. योग्य दुरुस्ती केल्यावर चमक गेली, हे सोयीस्कर गाळलंत. आता स्कॅनर सोडा. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला (भीतीशी जोडलेला मेंदूचा भाग) निकामी झालेले दोन रुग्ण संशोधक डी मार्टिनोने २०१० मध्ये तपासले. तुम्हीआम्ही शंभर गमावण्याचा धोका पत्करायला जवळपास दोनशेची आशा मागतो. त्या दोघांत ही तोट्याची धास्ती दिसलीच नाही. तो भाग गेला, धास्ती गेली. तुमच्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखात हे कुठे बसतं?

हिशेबनीस: दोन रुग्ण! आमच्या सोसायटीच्या सभेलाही याहून जास्त कोरम लागतो.

शेअरमावशी: भांडा तुम्ही. माझ्या भाच्याने शेअरबाजारातल्या ऑप्शन्समध्ये, म्हणजे वायद्यांच्या सौद्यांत, लग्नासाठी साठवलेले पैसे घालवले. शुल्ट्झ या शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या माकडांना अनपेक्षित रस मिळाला की मेंदूतल्या डोपामीन या रसायनाच्या पेशी उसळायच्या, ठरलेला मिळाला की ढिम्म. पोराला पहिल्याच आठवड्यात अचानक नफा झाला, तिथेच तो अडकला. ह्याहून वेगळं काय स्पष्टीकरण हवंय?

तिरकस: मावशी, बिल डोपामीनच्या नावावर फाडू नका. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच २०२४ च्या अहवालात वायद्यांतले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात आहेत, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. सगळ्यांचे मेंदू काय एकाच वर्षी बिघडले? दर आठवड्याला एक्स्पायरी, म्हणजे सौदा संपण्याचा दिवस, ठेवली कुणी?

शेअरमावशी: मग सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून एका एक्सचेंजला एकाच इंडेक्सवर साप्ताहिक सौदे ठेवले, सौद्याची किमान किंमत १५ लाखांवर नेली, तेव्हा बोंब कुणी मारली? तुमच्यासारख्यांनीच. 'लहान माणसाला बाहेर काढलं' म्हणून.

तिरकस: काढलंच! पैसेवाल्याने जुगार खेळला की ते हेजिंग, म्हणजे जोखीम झाकणं, आणि आम्ही खेळलो की व्यसन.

काका_चिपळूण: जुगाराचं सोडा. माझ्या वडिलांना ७८ व्या वर्षी बँकेतल्या पोराने एफडी मोडून वीस वर्षांची विमा पॉलिसी गळ्यात मारली. 'सर, सर' करत घरी येऊन चहा पिऊन गेला. मेंदू तपासायचाच असेल तर त्याचा तपासा. टार्गेट दिसलं की त्याचं काय चमकतं ते कळू द्या.

शेअरमावशी: त्याला मेंदू कशाला लागतो, कमिशन पुरतं.

तिरकस: हेच मी म्हटलं तर मी निर्दयी!

शेअरमावशी: तुम्ही माझ्या भाच्यावर घसरलात. तो चुकला असेल, पण त्याला 'आम्ही'त ओढू नका.

न्यूरॉनपंत: मूळ मुद्द्यावर येता का कुणी? गुल आणि पेसेंडॉर्फर हे अर्थशास्त्रज्ञ म्हणाले होते की अर्थशास्त्राला फक्त निवडीशी मतलब, मेंदूशी नाही. ठीक. पण निवड बदलायची तर ती कशाने होते ते कळायला नको? किंमत जाहिरातीत दाखवायची की शेवटी बिलात, हे ठरवणाऱ्या कंपन्या तुमच्या तत्त्वाची वाट बघत थांबलेल्या नाहीत.

हिशेबनीस: बरं, अमिग्डालाचं तुमचं खरं धरू. दोन माणसांपुरतं. पण टॉम आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्कॅनरखाली तोट्याचा प्रश्न टाकला, तेव्हा अमिग्डाला उसळलाच नाही, उलट बक्षिसाशी जोडलेला स्ट्रायटम हा भाग मंदावला. आता तुमचे दोन निकाल आपसांत भांडतायत. त्यांचं मिटलं की कळवा.

न्यूरॉनपंत: १६ जणांचा अभ्यास तुम्हाला चालतो होय? नोंद घेतली.