जमिनीवरून, सावकाश: नशीब आणि श्रद्धेचे अनुभव

विमानातून उतरलेला माणूस नशिबावर फारसं बोलत नाही. बोललाच तर हरवलेल्या बॅगेबद्दल. पायी, सायकलवर किंवा रात्रीमागून रात्री रेल्वेत काढून आलेल्यांकडे मात्र हमखास एक गोष्ट असते: "तो त्या दिवशी भेटला नसता तर..." त्या 'तर'च्या पुढचं इथे लिहा. दैव मानत असाल तरी, नसाल तरी. मत बदललं, की होतं तेच पक्कं झालं? चमत्कार जरा आवरते घ्या ही विनंती, सक्ती नाही.

*

मी नर्मदा परिक्रमा पायी केली. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र मध्ये कुठेही ओलांडायचं नाही, हे मुख्य नियम. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत नदी सुमारे १,३१२ किमी; दोन्ही तट धरले की दुप्पट, आणि प्रत्यक्ष वाट त्याहून वाकडी.

वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीबद्दल, म्हणजे नर्मदाकाठच्या जंगलाबद्दल, बरंच ऐकून होते. तिथे 'मामा' लोक, म्हणजे तिथले भिल्ल आदिवासी, परिक्रमावासीला लुटतात, अंगावरचं वस्त्रही काढून घेतात, आणि तेही मैयाच्याच, म्हणजे नर्मदेच्याच आज्ञेनं, अहंकार उतरावा म्हणून. मला कुणी लुटलं नाही. उलट ज्यांच्या वाडवडिलांना लुटारू म्हणायची पद्धत, त्यांच्याच घरी झोपले आणि त्यांनीच पुढची वाट दाखवली. दाखवावीच लागते, कारण जुनी वाट पाण्याखाली आहे. सरदार सरोवराच्या धरणाची पातळी १३८.६८ मीटर. मणिबेलीचं जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ त्याच पाण्यात गेलं.

रात्री घरातल्या आजींना मी माझं पालुपद ऐकवलं, "सगळं मैयाच ठरवते." त्या म्हणाल्या, "आमचं तर सरकारनं ठरवलं."

ते वाक्य पुढे बरेच दिवस सोबत चाललं. कुठल्या राज्याला किती पाणी आणि धरण किती उंच, हे १९७९ मध्ये लवादाच्या निवाड्यात लिहिलं गेलं. त्या आजींच्या कपाळी काही लिहिलं असेलच, तर ते टंकलिखित होतं. 'नर्मदे हर' मी आजही म्हणते, मनापासून म्हणते. पण कुणाच्या दुःखाला नशीब म्हणण्याआधी आता विचारते, निर्णय कुणाचा होता? माझ्यासारखी वाटसरू सहज 'दैव' म्हणून पुढे जाते. तिथे राहणाऱ्यांना पुढे जायचं नसतं.

*

वरच्या ताईंनी समुद्राजवळचा टप्पा लिहिला नाही, तो मी लिहितो. मुखाशी दक्षिण तटावरून उत्तर तटावर बोटीनं जावं लागतं, विमलेश्वरच्या बाजूनं मिठी तलाईकडे. बोट सुटते ती भरतीवर. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक अफाट, पाणी नसलं की बोट चिखलात बसून. त्यामुळे तिथे घड्याळाआधी तिथी विचारतात.

मी कुंडली-बिंडली न मानणारा. घरात कुणी चंद्रबळ काढलं की उठून जाणारा. आणि इथे त्याच चंद्राच्या हुकमाची वाट बघत किनाऱ्यावर पथारी टाकून पडलो होतो! फरक एवढाच की हा चंद्र माझ्या लग्नाबद्दल काही बोलत नव्हता, फक्त पाण्याबद्दल, आणि ते खरं निघत होतं. माझं नास्तिकपण जागच्या जागी आहे. पण आपल्याहून मोठ्या कशाच्या तरी वेळेसाठी ताटकळणं मला अपमानाचं वाटायचं, ते आता वाटत नाही.

*

थोडं विरजण घालतो. 'तर...'च्या गोष्टी सांगायला जे सुखरूप परत येतात, तेच इथे लिहिणार. प्राचीन ग्रीसमध्ये दियागोरस नावाचा नास्तिक होता. त्याला देवळातली चित्रं दाखवून कुणीतरी विचारलं, "नवस बोलून वादळातून वाचलेले एवढे लोक बघूनही देव मानत नाहीस?" तो म्हणाला, "जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत?"

देशोदेशी सायकल हाणून माझा निष्कर्ष एवढाच: रोज ढिगानं अनोळखी माणसं भेटत असली, की त्यातलं एखादं नेमक्या वेळेला भेटणारच. दैव तेच, फक्त सोडती जास्त निघतात. अर्ध्यातून परत आलेलं कुणी असेल तर लिहा की राव.

*

कैलासाची परिक्रमा साधारण ५२ किमी. हिंदू आणि बौद्ध पर्वत उजवीकडे ठेवून जातात, बोन या तिबेटातल्या जुन्या धर्माचे लोक नेमके उलटे. डोल्मा ला खिंड ५,६०० मीटरच्या वर, तिथे तत्त्वज्ञान करायचं त्राण नसतं. हे खाली उतरल्यावर सुचलेलं आहे. माझ्याच दिशेनं आणि माझ्याच वेगानं चालणारे मला वाटेत भेटलेच नाहीत. ते कायम एक वळण पुढे नाहीतर मागे. समोरासमोर चेहरे दिसले ते उलट्या बाजूनं येणाऱ्यांचेच. धाप दोघांनाही सारखीच लागलेली.

लोटांगण घालत निघालेल्या एका तिबेटी बाईंना वाटाड्याकरवी विचारलं, काय मागणं आहे? म्हणाल्या, सगळ्या जीवांचं भलं. मी यादी घेऊन गेलो होतो.

*

मॉस्को ते व्लादिवोस्तोक रेल्वेनं, ९,२८९ किमी. मी गेलो ते २०१८ च्या आधी. तेव्हा मार्गभर स्थानकांवरची घड्याळं मॉस्कोचीच वेळ दाखवत. बाहेर मिट्ट काळोख, घड्याळात संध्याकाळ. प्रवासाला निघण्यापूर्वी घरच्यांसह क्षणभर गप्प बसायचं, ही रशियन रीत. डब्यात भौतिकशास्त्राचे एक शिक्षक होते, तेही बसून आले होते. विश्वास आहे का विचारलं तर हसले. "नाही. पण बसलो नसतो, तर आठवडाभर गाडीत तेच डोक्यात राहिलं असतं."

*

जपानमधल्या शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची पायी यात्रा आहे, सुमारे १,२०० किमी. तिथला पांढरा पोशाख म्हणजे परंपरेनं कफन, काठी म्हणजे थडग्याची खूण. वाटेत मेलात तर सोय अंगावरच! कर्करोगाचे उपचार संपल्यावर गेले होते. भविष्य विचारायची हौस तिथे फिटली. जास्त लिहीत नाही.

*

अर्ध्यातून परतलेला कोण म्हणून विचारलंत ना, मी आहे. नर्मदा परिक्रमाच. गुडघ्यानं दगा दिला. आश्रमात सगळे म्हणाले, "मैयाची इच्छा नव्हती." पुरी झाली असती तर हेच लोक म्हणाले असते, "मैयानं करून घेतली." दोन्हीकडून जिंकणाऱ्या या उत्तराचा मला भयंकर राग आला. डॉक्टर 'कूर्चा झिजलीय' म्हणाले, त्याचा मात्र आला नाही. का, ते सांगता येत नाही. कळवळा तर आश्रमवाल्यांनाच जास्त होता. चालता येईना म्हणून तिथेच सदावर्तात भाज्या चिरत बसलो, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोड आलेले पाय बघत. मी थांबलो म्हणून कुणाला तरी गरम जेवण वेळेवर मिळालं, यात योजना कुणाची नव्हती असंच मी मानतो. एकांशी यावरून कडाक्याचं भांडणही झालं, नंतर त्यांनीच मला एसटीत बसवून दिलं.

जिथे थांबलो तिथूनच पुढे निघता येतं म्हणतात. पावसाळा संपला की बघणार आहे. तोवर फिजिओथेरपी चालू.