गणपतराव देशमुख : अकरा विजयांचा हिशोब नेमका कसा मांडावा?

अभ्यासमंडळ :

नमस्कार. सांगोल्याचे दीर्घकाळचे आमदार आणि शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते गणपतराव देशमुख यांच्या निवडणूक-कारकिर्दीवर मी एक टिपण तयार करत आहे. आमच्या मंडळातील तरुण सदस्यांना सांगोला हे नाव माहीत झाले ते २०२२ मध्ये तिथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांच्या गुवाहाटीहून गाजलेल्या दूरध्वनी-संभाषणामुळे. त्याच मतदारसंघाने त्याआधी एका माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवले होते, हे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कानावरही आलेले नाही. म्हणून हे टिपण आठवणींच्या आधारे नव्हे, तर नोंदींच्या आधारे लिहावे असे मला वाटते.

अडचण अशी आहे की, निवडणूक आयोगाचे विधानसभा निवडणुकांचे सांख्यिकी अहवाल एकेक करून पाहिले तर सांगोल्यातून त्यांचे विजय दहाच भरतात. मृत्युलेखांत मात्र सर्वत्र अकरा हा आकडा आहे. शिवाय काही लेखांत ते ५५ वर्षे आमदार होते असे लिहिलेले आढळते, तर काही ठिकाणी देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार असा त्यांचा उल्लेख येतो. या तीनही विधानांची शहानिशा कशी करावी? त्यांचे पराभव किती आणि केव्हा झाले, तेही कृपया कोणी सांगावे, कारण पराभवांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही.

जुनी नोंद :

आपल्याला दहा आणि अकरा यांच्यात जी तफावत दिसते, तिचे कारण १९७४ ची पोटनिवडणूक हे आहे. आयोगाचे जे सांख्यिकी अहवाल आपण चाळलेत, ते सार्वत्रिक निवडणुकांचे आहेत. मुदतीच्या मध्येच रिकाम्या झालेल्या जागेसाठी होणारी पोटनिवडणूक त्यांत येत नाही. त्यामुळे १९७२ चा अहवाल पाहिला की सांगोल्यासमोर काँग्रेसचा विजय दिसतो आणि पुढचा अहवाल थेट १९७८ चा असतो. मधल्या काळात गणपतराव सभागृहात परतले होते, हे त्या दोन्ही अहवालांवरून कळायला मार्ग नाही. जुन्या लोकप्रतिनिधींच्या कारकिर्दी मांडताना ही चूक फार वेळा होते.

आता क्रम सांगतो. १९६२ हे वर्ष महत्त्वाचे आहे, कारण महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची ती पहिली विधानसभा निवडणूक होती. २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसकडे गेल्या, शेकापला १५ मिळाल्या, आणि त्या पंधरांपैकी एक सांगोल्याची होती. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. १९७२ मध्ये त्यांचा पहिला पराभव झाला. त्या वर्षी काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या आणि शेकाप सातवर आला, म्हणजे हा पराभव एकट्या सांगोल्याचा नव्हता. दोन वर्षांनी पोटनिवडणूक होऊन ते परत आले आणि त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा सलग चार सार्वत्रिक निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९९५ मध्ये दुसरा पराभव झाला. पुढे १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे पुन्हा चार विजय मिळाले. २०१९ मध्ये वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.

५५ वर्षांचा आकडा हा अकराला पाचाने गुणून आलेला दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक विजयामागे पाच वर्षे मिळत नाहीत. १९७४ चा विजय हा उरलेल्या मुदतीसाठीचा होता, जरी आणीबाणीच्या काळात मुदतवाढ मिळाल्यामुळे ती मुदत १९७८ पर्यंत लांबली. १९७८ ची विधानसभा तर दोनच वर्षांत, फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली. सरळ कालखंड धरा : १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे, १९७४ ते १९९५ ही सुमारे एकवीस, आणि १९९९ ते २०१९ ही वीस. बेरीज एक्कावन्न वर्षांच्या आसपास जाते. टिपणात ‘पन्नास वर्षांहून अधिक’ असे लिहिल्यास ते पूर्णपणे खरे ठरेल.

तुलनात्मक :

वरील क्रम नेमका आहे. मी फक्त देशव्यापी विक्रमाच्या मुद्द्याबद्दल लिहितो, कारण तिथे आदरापोटी अतिशयोक्ती झाली आहे आणि ती पुढे पुढे नकलून घेतली जात आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अकरा हा सर्वोच्च आकडा आहे. बाळासाहेब थोरात संगमनेरमधून १९८५ ते २०१९ या काळात सलग आठ वेळा निवडून आले आणि २०२४ मध्ये पराभूत झाले. कालिदास कोळंबकर मुंबईतून नऊ वेळा निवडून आले आहेत, मात्र त्यांच्या विजयांत शिवसेना, काँग्रेस आणि भाजप असे तीन पक्ष येतात. देशाचा विचार केला तर चित्र बदलते. तमिळनाडूचे एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले आणि त्यांनी लढवलेल्या एकाही विधानसभा निवडणुकीत ते हरले नाहीत. केरळमध्ये के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा विजयी झाले. ओम्मन चंडी पुथुपल्लीतून १९७० ते २०२१ असे सलग बारा वेळा निवडून आले. त्यामुळे ‘देशात सर्वाधिक’ हे विधान टिपणातून काढून टाकावे.

तरीही तुलना इथेच थांबवली तर ती अपुरी राहील, कारण प्रत्येक आकड्याची जात वेगळी असते. करुणानिधींचे विजय कुळिथलई, तंजावर, सैदापेट, अण्णानगर, हार्बर, चेपॉक, तिरुवारूर अशा अनेक मतदारसंघांतून मिळून झाले आहेत. माणी यांच्या तेरा विजयांतील पहिला १९६५ चा आहे आणि त्या निवडणुकीनंतर केरळात कोणालाच बहुमत न मिळाल्याने विधानसभा भरलीच नाही. शिवाय केरळ काँग्रेस फुटत गेली आणि माणींच्या पक्षाचे नावही बदलत गेले. चंडी हे जन्मभर काँग्रेसच्या विचाराचे, पण १९८० च्या सुमारास पक्षाच्या फुटीत ते वेगळ्या गटातून लढले. एकच मतदारसंघ, एकच पक्ष आणि तोही बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसणारा, या कसोटीवर मात्र गणपतरावांची कारकीर्द ठळकपणे उठून दिसते. माझ्या मते टिपणाचा भर आकड्यापेक्षा यावर असावा.

हे किती अवघड होते, ते त्यांच्या पक्षाच्या जागांवरून समजते. १९६७ मध्ये शेकापचे १९ आमदार होते. १९७८ मध्ये ते १३ झाले, १९९९ मध्ये पाच आणि २०१४ मध्ये अवघे तीन : अलिबाग, पेण आणि सांगोला. रायगडमध्ये पक्षाचा जिल्हाभर जम होता, तसा आधार सोलापूर जिल्ह्यात नव्हता. राज्यात पक्ष आटत असताना त्यांनी एकदाही पक्ष सोडला नाही. पक्षांतर करून मंत्रिपद मिळवणे ज्या काळात सर्रास झाले, त्या काळातली ही गोष्ट आहे.

अभ्यासमंडळ :

दोघांचेही मनापासून आभार. पोटनिवडणुकीचा खुलासा अत्यंत मोलाचा आहे. आता दोन गोष्टी राहतात. विरोधी बाकांवर बसून त्यांनी मतदारसंघासाठी काय मिळवले, आणि १९९५ चा पराभव नेमका कशामुळे झाला? साध्या राहणीबद्दल, एसटीच्या प्रवासाबद्दल भरपूर वाचायला मिळते, पण त्यातून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

माणकाठ :

आपण हा प्रश्न विचारलात याचा आनंद झाला. आबासाहेबांच्या, म्हणजे गणपतरावांच्या, साधेपणाच्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या इतक्या वेळा सांगितल्या गेल्या की त्यांच्या कामाची चर्चा मागे पडली. साधी राहणी असलेले पुष्कळ उमेदवार निवडणुकीत हरतात. मतदाराने अकरा वेळा निवडून दिले, त्यामागे संघटना होती आणि पाण्याचे राजकारण होते.

सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका आहे. माण नदी तालुक्यातून वाहते, पण वर्षातला बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. त्यामुळे इथल्या राजकारणात पाणी कोठून आणायचे आणि ते कोणाला किती मिळणार, हाच मुख्य प्रश्न राहिला. १९९३ पासून आटपाडीत भरत आलेली तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी पट्ट्याला द्यावे आणि ते देताना समन्यायी वाटप व्हावे, ही त्या परिषदेची मागणी होती. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी सांगोल्यापर्यंत यावे यासाठीचा रेटा या चळवळीने दिला. सत्ताधारी आमदार मंत्रालयात फाइल घेऊन फिरतो, तर विरोधी आमदाराला आधी गावोगाव माणसे उभी करावी लागतात आणि मग सभागृहात बोलावे लागते. आबासाहेबांची पद्धत ही दुसरी होती.

सहकाराचे एक उदाहरण द्यायलाच हवे. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही, तिथे त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. राज्यातल्या अनेक सूतगिरण्या तोट्यात जाऊन बंद पडल्या असताना ही गिरणी चालू राहिली आणि तालुक्यातल्या अनेक घरांना तिने रोजगार दिला.

ते पूर्णवेळ विरोधातच होते असे मात्र लिहू नका. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ मध्ये शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले तेव्हा आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांचे आघाडी सरकार आले तेव्हा, असे दोनदा ते मंत्री झाले. पहिले सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. दुसऱ्या वेळी, २००२ मध्ये, शेकापने सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि त्यांचे मंत्रिपद संपले. अर्धशतकाच्या कारकिर्दीत मंत्रिपदाची वर्षे पाचही भरत नाहीत.

१९९५ च्या पराभवाबद्दल सांगायचे तर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. इतक्या कमी फरकाचे एकच एक कारण सांगणे मला योग्य वाटत नाही. एका मोठ्या गावातली मते इकडची तिकडे झाली असती तरी निकाल उलटा लागला असता. त्यातून एवढे मात्र निश्चित दिसते की सांगोला हा कधीही एकतर्फी मतदारसंघ नव्हता. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे आणि आबासाहेब त्या समाजातले होते. बाहेरचे अनेक लेखक याच एका कारणावर थांबतात. पण समाजाची संख्या १९७२ मध्ये आणि १९९५ मध्येही तेवढीच मोठी होती आणि त्या दोन्ही वेळा ते हरले. दोन्ही पराभवांनंतर त्यांनी तालुका सोडला नाही किंवा दुसरा सुरक्षित मतदारसंघ शोधला नाही, ही गोष्ट मला त्यांच्या विजयांइतकीच महत्त्वाची वाटते.

जुनी नोंद :

श्री. माणकाठ यांच्या ‘एकतर्फी नव्हता’ या मुद्द्याला पुढच्या निकालांचा आधार आहे, तो टिपणात घ्यावा. २०१४ मध्ये, वयाची पंच्याऐंशी उलटून गेल्यावर, गणपतरावांना ९४,३७४ मते मिळाली, तर आता शिवसेनेकडून लढणाऱ्या शहाजीबापूंना ६९,१५०. फरक २५,२२४ मतांचा होता. २०१९ मध्ये गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख शेकापकडून उभे राहिले. शहाजीबापूंना ९९,४६४ आणि अनिकेत यांना ९८,६९६ मते पडली, म्हणजे जागा ७६८ मतांनी गेली. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी दोन्ही शिवसेनांच्या उमेदवारांविरुद्ध लढून ती २५ हजारांहून अधिक मतांनी परत मिळवली आणि त्या निवडणुकीत राज्यभरात शेकापची निवडून आलेली ती एकमेव जागा ठरली.

नोंदी तपासताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आयोगाच्या जुन्या अहवालांत मतदारसंघाचे नाव ‘सांगोले’ असेही छापलेले आहे आणि उमेदवाराचे आडनाव कधी आधी तर कधी शेवटी येते, त्यामुळे नावाने शोध घेतला तर काही वर्षे निसटतात. मतदारसंघाच्या नावाने शोधणे अधिक खात्रीचे. दुसरे असे की, २००८ च्या पुनर्रचनेनंतर सांगोला माढा लोकसभा मतदारसंघात आला आणि त्याचा क्रमांक आता २५३ आहे. त्याआधीच्या अहवालांत तो क्रमांक वेगळा सापडेल. मालमत्तेची व शिक्षणाची शपथपत्रे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर, म्हणजे २००३ नंतरच, सक्तीची झाली. म्हणून ती माहिती आपल्याला २००४, २००९ आणि २०१४ या तीन निवडणुकांपुरतीच मिळेल, आणि आधीच्या काळासाठी विधिमंडळाने प्रसिद्ध केलेल्या सदस्य-परिचयाच्या पुस्तिका पाहाव्या लागतील. १९७४ चा विजय पडताळायचा असेल तर त्या वर्षीची सोलापूरची दैनिके एखाद्या जुन्या ग्रंथालयात चाळा. पोटनिवडणुकीचा निकाल त्यांत पहिल्या पानावर असणारच.